सुपर कबवर विमान शिकावं का? माझा रिव्ह्यू, जरा लांबलाय

नदीच्या पात्रातल्या गोट्यांवर विमान उतरवतात ते व्हिडिओ बघून कोणी ना कोणी विचारतंच, मला पण असलंच विमान शिकायचंय, सुरुवातच त्याच्यावर केली तर चालेल का की आधी साधं सेस्ना (नेहमीचं, नाकाला चाक असलेलं ट्रेनिंगचं विमान) शिकून मग इकडे वळायचं. उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे ते मोकळे. सुरुवात याच्यावरच करा, मिळत असेल तर. पण कमी जागेत उडतं म्हणून नका करू. कमी जागेत उडणं हे यातलं सगळ्यात सोप्पं काम आहे, ते विमान स्वतःच करतं, तुमचं त्यात फार कर्तृत्व नसतं. पैसे वसूल होतात ते पायांच्या शिक्षणात.

मी शिकले ते पायपर सुपर कबवर, पीए-१८, १५० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिनवालं. हे मॉडेल १९४९ ला आलं आणि मधे काही वर्षं बंद पडून १९९४ पर्यंत बनत होतं, त्यामुळे तुमच्या वाट्याला येईल ते बहुतेक तुमच्यापेक्षा वयाने मोठं असेल, त्याला घाबरू नका. याच्या आधीचं ते पिवळं जे-३ कब, ६५ हॉर्सपॉवरचं, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या पट्ट्या, हळू उडायला मदत करतात) नसलेलं, त्याच्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेतले ढीगभर पायलट शिकले. सुपर कब म्हणजे तोच बांधा, पंखाचा आकारही तोच, फक्त ताकद दुपटीपेक्षा जास्त आणि फ्लॅप दिलेले. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्याच्यावर ताणून बसवलेलं कापड, रिकामं वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास. पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक छोटंसं. पुढच्या चाकांना धक्के झेलायला बंजी असतात, म्हणजे जाड रबरी दोरांचे वेढे. खडबडीत जमिनीवर आदळायला एकदम मस्त आणि बदलायलाही सोपे.

आत शिरणं हा एक वेगळाच कार्यक्रम आहे. दार फक्त उजवीकडे, त्याचा वरचा अर्धा भाग पंखाला जाऊन चिकटतो आणि खालचा अर्धा खाली लोंबतो. वरच्या नळीला धरायचं, एक पाय आत टाकायचा, मग कंबर, मग राहिलेला पाय कसातरी ओढून घ्यायचा. कितीही सराव झाला तरी यात डौल नावाची गोष्ट येत नाही. तुम्ही पुढे, इन्स्ट्रक्टर मागे. (जे-३ मधे एकटं उडवताना मागच्या सीटवर बसावं लागतं, इथे पुढे, एवढी सुधारणा आहे.) उजव्या हातात स्टिक (विमान कलवायचा, नाक वरखाली करायचा दांडा), डाव्या हाताला थ्रॉटल (इंजिनची ताकद कमीजास्त करायला), फ्लॅपचा दांडा आणि ट्रिमची फिरकी (स्टिकवरचा जोर हलका करायला). पेट्रोल किती उरलंय ते बघायला मान वर करून पंखाच्या मुळाशी असलेल्या नळ्यांकडे बघायचं, नळीत जेवढं दिसतं तेवढंच टाकीत आहे. आणि ते दार हवेतही उघडं ठेवता येतं, खालून शेतं सरकत असतात आणि तुमच्या कोपराला वारा लागत असतो, हे सुख बाकीच्या बहुतेक ट्रेनरमधे मिळत नाही. सर मागे बसतात त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नाही, फक्त हेडसेटमधे आवाज. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, पण नंतर कळतं की चेहरा वाचून उत्तर शोधायची सवय त्यामुळे लवकर सुटते.

आता पाय. ब्रेक टाचेने दाबायचे असतात, रडरच्या (शेपटीवरचं उभं सुकाणू, ते पायांनी चालतं) पेडलच्या खाली आतल्या बाजूला दोन छोटी बटणं असावीत तसे. जाड सोलचे बूट घालून गेलात तर टाचेला काही कळतच नाही, पातळ सोलचे घाला, आणि हे आधी कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहितेय. जमिनीवर विमान शेपटीवर बसलेलं असतं त्यामुळे नाक वर आणि समोरचं बरंचसं झाकलेलं. म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवत नेताना, नागमोडी जायचं, एकदा डावीकडून डोकावायचं एकदा उजवीकडून. मोठे बुशव्हील टायर लावले असतील, २६ इंची, ३१ इंची, तर नाक आणखी वर जातं आणि आणखी कमी दिसतं. त्यात वारा असेल तर स्टिक कुठे धरायची हे प्रत्येक वळणावर बदलतं. समोरून वारा असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याच्या बाजूला, पाठीमागून असेल तर पुढे आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. नाकाला चाक असलेल्या विमानात हे पुस्तकात वाचून सोडून दिलं तरी बहुतेक दिवस निभावून जातं. इथे इंजिन सुरू झाल्यापासून ते बंद होऊन विमान बांधून होईपर्यंत तुम्ही उडवतच असता.

टेकऑफबद्दल फार लिहीत नाही कारण तो संपतो पण लवकर. थ्रॉटल पूर्ण, शेपटी उचलते, नाक डावीकडे पळायला बघतं कारण प्रॉपचा टॉर्क, त्याचा पिळलेला वारा, आणि शेपटी उचलताना फिरत्या प्रॉपच्या जायरोचा धक्का, सगळेच एका बाजूने कट करून आलेले असतात, उजवा पाय द्यायचा, आणि हे सगळं समजेपर्यंत चाकं सुटलेली असतात. कंपनीचा आकडा आहे साधारण २०० फूट धाव. हलकं विमान, समोरून वारा, फ्लॅप टाकलेले असले की तो आकडा खोटा वाटत नाही.

लँडिंगवर मात्र लिहायलाच पाहिजे, सगळी गंमत तिथे आहे.

टेलव्हील, म्हणजे शेपटीला चाक असलेल्या, विमानाचं वजनाचं केंद्र मुख्य चाकांच्या मागे असतं. म्हणजे जमिनीवर धावताना नाक जरा जरी वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं, वाकडेपणा आपोआप वाढत जातो, आणि वेळेत आवरलं नाही तर विमान गर्रकन फिरतं, एक पंख जमिनीला घासतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. नाकाला चाक असलेल्या विमानात केंद्र मुख्य चाकांच्या पुढे असतं त्यामुळे ते स्वतःहून सरळ होतं, तिरकं टेकवलंत तरी बिचारं सांभाळून घेतं. कब सांभाळून घेत नाही. तळहातावर काठी उभी तोलून धरायची असते ना, तसं पायांनी करायचं, छोटे छोटे सतत धक्के, कारण पडायला लागलेली दिसल्यावर हात हलवला तर उशीर झालेला असतो. आमचे सर पूर्ण उतरणीभर एकच शब्द म्हणायचे, "पाय. पाय. पाय." आणि सगळ्यात जास्त कधी म्हणायचे, तर चाकं टेकून वेग कमी झाल्यावर, जेव्हा मला वाटायचं झालं आता. वेग कमी होतो तसा रडरवरून जाणारा वारा कमी होतो, रडरची पकड जाते, आणि तेव्हाच शेपटीला फिरायची हुक्की येते. विमान उभं राहिल्याशिवाय लँडिंग संपत नाही हे वाक्य सगळ्या पुस्तकांत असतं, पण ते पायांना कळायला असलं विमान लागतं.

उतरायच्या दोन तऱ्हा. थ्री-पॉइंट, म्हणजे तिन्ही चाकं एकदम, स्टिक हळूहळू पूर्ण पोटापर्यंत ओढत नेऊन विमान उडायचं थांबत नाही तोपर्यंत त्याला टेकू द्यायचं नाही. आणि व्हील लँडिंग, म्हणजे पुढची दोन चाकं आधी, शेपटी हवेत, टेकल्या क्षणी स्टिक किंचित पुढे करून चाकं जमिनीला चिकटवायची. तो क्षण चुकून आधी आला, म्हणजे चाकं टेकायच्या आधीच पुढे केलंत, की बंजी आपलं काम करतात, विमान उडी मारतं, तुम्ही परत पुढे ढकलता, ते परत उडी मारतं, आणि दर उडीला उंची वाढते. अशा वेळी एकच उपाय, थ्रॉटल द्या आणि गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता परत वर जा, मान-अपमानाचा प्रश्न करू नका. दोन्हीतली कुठली तऱ्हा चांगली यावर दोन टेलव्हीलवाले एकत्र बसले की संध्याकाळ जाते. थ्री-पॉइंटमधे टेकताना वेग सगळ्यात कमी असतो म्हणून छोट्या जागेला ती बरी, व्हीलमधे समोरचं दिसतं आणि झुळकांच्या वाऱ्यात पकड जास्त वाटते. दोन्ही शिका. अमेरिकेत तर टेलव्हीलसाठी लॉगबुकात वेगळं एन्डॉर्समेंट (इन्स्ट्रक्टरची सही) लागतं आणि त्यात साधे आणि क्रॉसविंडचे (आडव्या वाऱ्यातले) टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग आणि गो-अराउंड हे सगळं आलंच पाहिजे असा नियमच आहे. १५ एप्रिल १९९१ च्या आधी ज्यांनी असली विमानं पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार पायलट) म्हणून उडवलीत त्यांना तेवढी सूट.

आता आकड्यांचं. लोक टेकऑफचा आकडा बघून भुलतात. कागदावर सुपर कबची लँडिंगची धाव ३५० फूट आहे, म्हणजे टेकऑफपेक्षा जास्त, आणि ती सुद्धा बरोब्बर वेगाने आलात तर. अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, १० टक्के जादा वेग ठेवलात की अंतर साधारण २१ टक्के वाढतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. घाबरून "थोडा जास्त असू दे" करणारा माणूस छोट्या पट्टीत तिथेच अडकतो. उलट बाजूने हाच हिशेब तुमच्या कामी येतो. ४० नॉटला उचलणारं विमान १० नॉटच्या समोरच्या वाऱ्यात जमिनीवर फक्त ३० पर्यंत पोचायचं असतं, म्हणजे धाव जवळपास अर्धी. आणि उकाड्याला विसरू नका. समुद्रसपाटीला प्रमाण मानलेल्या १५ अंशांपेक्षा हवा जेवढी गरम, तेवढ्या प्रत्येक अंशाला घनतेची उंची (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) सुमारे १२० फुटांनी चढते. समुद्रसपाटीला ३५ अंश असेल तर विमानाला वाटतं आपण २४०० फुटांवर आहोत. म्हणून अनोळखी जागेहून निघताना सरांनी शिकवलेला ठोकताळा मी अजून वापरते, अर्ध्या पट्टीवर एक खूण ठरवायची आणि तिथपर्यंत उचलायच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल ओढायचा, चर्चा नाही.

ते भारी व्हिडिओ पण याच चष्म्यातून बघा. १४ मार्च २०२३ ला पोलंडच्या लुक चेपिएलाने दुबईच्या बुर्ज अल अरबच्या हेलिपॅडवर विमान उतरवलं, पॅड २७ मीटर रुंद, जमिनीपासून २१२ मीटर उंच. ते कबच्याच घराण्यातलं, कबक्राफ्टर्सचं कार्बन कब होतं, तेही खास बदल करून घेतलेलं. आणि त्याने आधी साडेसहाशे वेळा सरावाची लँडिंग केली होती. अलास्कातल्या व्हाल्डेझच्या स्पर्धेत जमिनीवर रेघ मारलेली असते, रेघेच्या अलीकडे चाक टेकलं की ती फेरी बाद, पलीकडे टेकून रेघेपासून किती फुटांवर थांबलात ते मोजतात. २०१८ ला डॅन रेनॉल्ड्सने ९ फूट ५ इंचात विमान उभं केलं होतं. बघायला धमाल आहे, पण ती विमानं त्या एकाच कामासाठी सोलून हलकी केलेली असतात, तुमच्या क्लबच्या विमानाकडून ती अपेक्षा नको.

हळू उडण्यात एक धोका आहे तो कोणी ठळक अक्षरात लिहीत नाही. फ्लॅप टाकून सुपर कब ताशी ४३ मैलांच्या आसपास स्टॉल होतं (म्हणजे पंखांची उचल सुटते) आणि सरळ उडताना ते इतकं हळुवार होतं की हसू येतं, थोडी थरथर, नाक जरासं झुकतं, स्टिक सोडली की परत शहाणं. त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण ६० अंशांचं वळण घेतलंत की स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, तो ४३ चा साठ होतो, आणि वर पाय बरोबर नसतील तर एक पंख आधी पडतो. अलास्कात खाली मूज (तिकडचं मोठं हरीण) दिसला म्हणून त्याच्याभोवती घिरट्या घालता घालता असेच अपघात होतात, त्याला तिकडे मूज स्टॉलच म्हणतात. शिवाय नाक खूप वर असताना वेगाचा काटाही खरं बोलत नाही, हवा पिटो नळीत (तिच्यावरून वेग मोजतात) तिरकी शिरते. सरांनी मला एक अख्खा तास काटा झाकून उडवायला लावलं होतं. कापडाच्या अंगावरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज, स्टिक किती सैल लागतेय, बुडाखाली विमान एका बाजूला घसरतंय का, एवढ्यावरच. तो तास माझ्या मते पूर्ण कोर्समधला सगळ्यात कामाचा.

मधे झेनिथचं सीएच ७०१ पण उडवलं, तुलनेसाठी सांगते. क्रिस हाइन्झ यांनी १९८६ च्या सुमारास काढलेलं डिझाइन, अख्खं पत्र्याचं, पंखाच्या पुढच्या कडेला कायमचे स्लॅट (फट ठेवून लावलेली पट्टी), मागे पूर्ण लांबीचे फ्लॅपेरॉन (फ्लॅपचं आणि विमान कलवायचं काम एकत्र करणाऱ्या पट्ट्या), नाकाला चाक, पुढे रोटॅक्स इंजिन, आणि दोघांच्या मधे एकच वाय आकाराची स्टिक. दिसायला अजिबात देखणं नाही, पण स्लॅटमुळे नाक अशक्य कोनात वर करूनही ते लटकत राहतं आणि टेकऑफ तर कबपेक्षाही आखूड. बसायला शेजारी शेजारी, इन्स्ट्रक्टरचे हात दिसतात, घाबरट विद्यार्थ्याला हे बरं. खटकलं ते एवढंच की त्या स्लॅटांचा विरोध प्रचंड आहे, थ्रॉटल काढला की ते तरंगत नाही, सरळ खाली बसतं, त्यामुळे शेवटपर्यंत थोडी ताकद ठेवून उतरायची सवय लागते, आणि ज्या दिवशी इंजिन बंद पडेल त्या दिवशी ती सवय उपयोगाची नाही. पंखावर भार कमी असल्याने दुपारच्या उकळत्या हवेत गचके पण भरपूर. आणि नाकाला चाक असल्यामुळे पाय झोपले तरी ते माफ करतं. नुसतं हळू उडायचं असेल, गवताच्या पट्टीवरून वीकेंडला मजा करायची असेल तर मी ७०१ घेईन. शिकायला कबच.

कबच्या तक्रारी पण आहेत, नाहीत असं नाही. आवाज भयंकर. थंडीत दाराच्या फटींतून वारा, उन्हात काचेखाली भाजणं. वेग कागदावर ताशी ११५ मैल, पण मोठे टायर लावलेत की शंभर सुद्धा जड जातात, लांबच्या प्रवासात खाली हायवेवरची गाडी बराच वेळ सोबत करते. रेडिओ नेव्हिगेशन, ढगांतलं उडणं वगैरे शिकायला यात जागाच नाही, त्यासाठी नंतर दुसरं विमान लागेलच. तुम्हाला एअरलाइनमधे जायचंय आणि तास भराभर भरायचे आहेत तर हा रस्ता लांबचा पडेल, हे मोकळेपणाने सांगते. पण कबवरून सेस्ना १७२ ला जाणारा आरामात जातो. उलट दिशेने येणाऱ्यांचे पाय मात्र बघवत नाहीत, पेडलवर नुसते ठेवलेले असतात, फुटरेस्ट असल्यासारखे.

आणि माझी खरी तक्रार विमानाबद्दल नाहीच, शिकवणाऱ्या जागेबद्दल आहे. नाव घेत नाही. जाहिरातीत नदीकाठ, डोंगर, गवत, चिखल, सगळं होतं, प्रत्यक्षात बरेच दिवस लांबलचक डांबरी रनवेवर सर्किट, म्हणजे उडून चक्कर मारून परत उतरणं. डांबरावर बुशव्हीलचं मऊ रबर झिजतं आणि पकडही विचित्र बसते, गवतावर थोडी तिरकी उतरलेली चाकं घसरून सरळ होतात, डांबरावर ती तिथेच चावतात, म्हणजे नवशिक्याला सगळ्यात कठीण जागेवर आधी शिकवायचं आणि वर टायर जातात म्हणून कुरकुर करायची. सोलोची, म्हणजे एकटीने उडवायची, वेळ आली तेव्हा कळलं की त्यांच्या विम्यात या विमानावर विद्यार्थ्याला एकट्याने उडवायची परवानगीच नाही. सोलोसाठी शेवटी दुसरीकडे जावं लागलं. सर उत्तम होते म्हणून तिथे टिकले, बाकी व्यवस्थेला मी पाचातले दोन देईन. विमानाला साडेचार, अर्धा त्या दाराच्या फटींसाठी कापला.

तेव्हा बुकिंगच्या आधी विम्याचं विचारून घ्या, सोलो याच विमानावर होणार का ते लेखी घ्या. गवताची पट्टी आहे का, आणि आठवड्यातून किती वेळा खरंच वापरतात. इन्स्ट्रक्टर स्वतः क्रॉसविंडमधे किती वाऱ्यापर्यंत शिकवतो हे विचारा, जो वारा सुटला की क्लास रद्द करतो त्याच्याकडे टेलव्हील शिकण्यात अर्थ नाही. विमानाजवळ गेलात की चाकांच्या वरच्या बंजीचं कव्हर उघडून दाखवायला सांगा, कापडी वेष्टण फाटून आतलं रबर दिसत असेल तर ते शेवटचे कधी बदलले हे विचारायला लाजू नका.